अर्ध्या टाकीचा चढ

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, पण फार तांत्रिक नको. माणसं येऊ द्या." मी हो म्हणालो आणि मनात ठरवलं, कॉम्प्रेशन समजावून सांगितल्याशिवाय वाचकाला सोडायचं नाही. माणसं काय, ती आपोआप येतात. इंजिन बिघडलं की माणूस येतोच.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये मी अडतीस वर्षं इंजिनं उघडली. त्यात माझी खासियत हेडची. इंजिनाच्या डोक्यावर जे जड लोखंडी झाकण बसवलेलं असतं, त्याला हेड म्हणतात. गावात माझं नाव ठाऊक नसलेली माणसंही "त्या हेडवाल्याकडे जा" असं सांगायची. गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक पुढारी जीप घेऊन आले आणि म्हणाले, "इंजिन चांगलंच हाय, फक्त आवाज जरा वजनदार करा, सभा हाय." एक मास्तर दर रविवारी स्कूटर आणायचे, मी नुसती ऐकायची आणि "ठीक आहे" म्हणायचं. बिघाड कधीच नव्हता. दोन महिन्यांनी मी वैतागून म्हणालो, "मास्तर, हिला काही झालेलं नाही." ते म्हणाले, "ते मला माहीत आहे. पण तुम्ही म्हटलं की बरं वाटतं." त्यांच्यावर मी ओरडलो. आता वाटतं, ओरडायला नको होतं. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग, हे माझी बायको सांगतेच.

आता कॉम्प्रेशन. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरा आणि दांडा दाबा. हवा दबत जाते आणि बोटाला धक्का देते. इंजिनात पिस्टन तेच करतो. पेट्रोल मिसळलेली हवा तो वर ढकलत नेतो आणि हेडच्या पोटातल्या एका खोबणीत कोंबतो. या खोबणीला चेंबर म्हणतात. तिथं ठिणगी पडते, भडका होतो, पिस्टन खाली ढकलला जातो आणि गाडी चालते. चेंबर ऐसपैस असेल तर हवा सैल दबते आणि धक्का लेचापेचा बसतो. चेंबर लहान असेल तर तीच हवा, तेच पेट्रोल, पण लाथ जोरात बसते. नवं इंजिन घ्यायची ऐपत नसलेल्या माणसाला ताकद द्यायची असेल तर त्याच इंजिनावर लहान चेंबरचं हेड बसवायचं. सगळी विद्या एवढीच. बाकीचं आयुष्य ही विद्या चुकू नये म्हणून घाम गाळण्यात गेलं.

ही युक्ती मी शिकलो नांदेडला, रहीम उस्तादांकडे. उस्ताद हैदराबादेकडून आलेले, दाढी पांढरी, बोटं काळी. जुन्या लष्करी पेट्रोल ट्रकांवर त्यांचा हात बसलेला. एकाच कंपनीनं ट्रकसाठी मोठं इंजिन बनवलं होतं आणि मोटारकारसाठी त्याच घराण्यातलं जरा लहान. दोन्हींच्या हेडचे बोल्ट एकाच जागी. कारच्या हेडचं चेंबर लहान, म्हणून ते उचलून ट्रकवर बसवायचं. उस्ताद म्हणायचे, "मियाँ, बड़े भाई को छोटे भाई की टोपी पिनाव. जरा तंग होती, मगर सर ताठ रहता." आणि दुसरं एक सांगायचे, "गाडी क्या खाती सो पैले पूछो." पहिलं मी पक्कं लक्षात ठेवलं. दुसरं विसरलो. त्याचीच ही गोष्ट आहे.

लातूर जिल्हा नवानवाच झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून हाताला लागत होता, आणि म्हातारी माणसं दाखला काढायला निघताना अजून उस्मानाबादचं नाव घेत होती. त्यात दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, गावोगाव टँकर सुरू झाले. ट्रक म्हणून भंगारात निघालेली वाहनं टाक्या लावून पाण्याच्या कामावर आली. माझ्या शेडसमोर त्यांची रांग असायची. दुष्काळात माझा धंदा चालला, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं ते खरं.

माझी थोरली बहीण, अक्का, चाकूरच्या पुढं एका वाडीत दिलेली. वाडी माथ्यावर, आणि आमच्या माणसांची वस्ती वाडीच्याही पल्याड, चढाच्या अगदी शेवटाला. वस्तीत आमचीच पंधरा-वीस बौद्ध घरं. आंबेडकर जयंतीला मी गेलो तेव्हा अक्का म्हणाली, "टँकर येतोय रे रोज. पर आमच्यापत्तुर पाणी येत न्हाई. गावच्या हिरीत वततेत आन् म्हणतेत, संपलं." वस्तीसाठी सिमेंटचा वेगळा हौद बांधलेला होता. त्यात मी डोकावलो, तर तळाला कोरडी माती आणि एक फुटकी पाटी. बायका पहाटे घाट उतरून दोन कोसांवरून घागरी आणत होत्या. मी संतापलो. वाडीतल्या चार जणांना गाठून मोठमोठ्यानं बोललो. ते शांतपणे म्हणाले, "टाकी अर्धीच येती, मिस्त्री. हिरीलाच पुरंना." मला वाटलं, हा बहाणा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय असले बहाणे. तणतणत लातूरला परत आलो.

पंधरा दिवसांनी माझ्या शेडमध्ये एक बुटका ट्रक वाफा सोडत शिरला. पाठीवर पाण्याची टाकी. त्यातून उतरले माधवराव, पन्नाशीचे, डोक्याला पटका, देवणीकडचे. घरची शेती भावाकडे देऊन त्यांनी हा लष्करातून निघालेला जुना पेट्रोल ट्रक घेतला होता. मालकही तेच, ड्रायव्हरही तेच.

"मिस्त्री, चढ चढंना ही," ते म्हणाले. "भरली टाकी घिऊन पैल्या गिअरात बी दम सोडती. मंग मी काय करतो, पायथ्याला नाल्यात अर्धी टाकी सोडतो आन् वर जातो."

"सोडता म्हणजे?"

"कॉक उघडतो. भरताना टाकी काठोकाठ असल्याबिगर पावती देत न्हाईत. मंग पाणी नाल्यात. खालच्या गावची जनावरं येऊन पितेत. येळ ठाऊक झाली हाय त्येन्ला, रांगंत हुबी राहतेत."

मी विचारलं, वाडी कोणती. त्यांनी अक्काच्या वाडीचं नाव घेतलं.

मी पाना खाली ठेवला. हाच तो टँकर. या दुष्काळात, जिथं माझी बहीण दोन कोसांवरून घागर आणत होती, तिथं हा माणूस रोज अर्धी टाकी नाल्यात ओतत होता. मी तोंडाला येईल ते बोललो. माधवरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला काय हौस हाय का? वस्तीवरच्या बाया बघत्यात माझ्याकडं, तवा मान खाली घालून टाकी दाखवितो. अर्धी हाय, मी काय करू?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो बहाणा नव्हता. म्हणजे बहाणा होता, पण त्याच्या पोटात खरी अर्धी टाकी होती. मी, लातूरचा हेडवाला, बहिणीच्या दारात उभा राहून भाषण करून आलो आणि ट्रक चढ का चढत नाही हे विचारायचं मला सुचलं नाही. ही लाज अजून जात नाही.

माधवरावांनी आणखी एक सांगितलं. तहसीलच्या साहेबांनी येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी चढावर तपासणी ठेवली होती. जो टँकर भरलेला वर जाणार नाही त्याचं काम बंद. दुसरा टँकर देणं शक्य नव्हतं, कारण घाटाच्या वळणावर लांब डिझेल ट्रक वळतच नव्हते. म्हणजे मग पाणी पायथ्यालाच वाटणार. वाडीनं आणि वस्तीनं, सगळ्यांनीच खाली उतरायचं आणि घागरी डोक्यावर घेऊन वर चढायचं. माझ्या हातात नऊ दिवस होते.

"गाडी ठेवा," मी म्हणालो. "सोमवारी भरलेली टाकी वर जाईल."

मी हे बोललो तेव्हा कारचं हेड माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नांदेड गाठलं. उस्ताद तोपर्यंत वारले होते, पण भंगारवाले तेच होते. दिवसभर उन्हात लोखंडाचे ढीग उपसले. संध्याकाळी एका कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवलेलं सापडलं. कोंबड्या हलवून ते घेतलं, पोत्यात बांधलं आणि बसच्या टपावर चढवलं. कंडक्टर म्हणाला, "काय हाय ह्यात?" मी म्हणालो, "डोकं."

आता मोजमाप. लोकांना वाटतं आम्ही अंदाजपंचे काम करतो. मी दोन्ही हेड उलटी ठेवली, चेंबरवर ग्रीस लावून भोक पाडलेली काच चिकटवली, आणि शेजारच्या कंपाउंडरची वीस सीसीची काचेची पिचकारी आणून त्या भोकातून रॉकेल भरत गेलो. ट्रकच्या चेंबरमध्ये पाच पिचकाऱ्या रिकाम्या झाल्या आणि वर आठ सीसी. कारच्या चेंबरमध्ये चार आणि वर बारा. फरक सोळा सीसीचा. घरच्या भाषेत तीन चमचे. माधवराव बघत होते. म्हणाले, "तीन चमच्यानं टाकी चढल?" मी म्हणालो, "सहा सिलिंडरात, प्रत्येक धक्क्याला तीन चमचे. मिनिटाला हजारो धक्के." त्यांनी मान हलवली, पण पटलं नसावं.

कारच्या हेडचे, हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह जरा बारीक होते. जोरात पळणाऱ्या गाडीला ते त्रासाचं, श्वास पुरत नाही. पण टँकरला पळायचं नव्हतं, हळूहळू ओढायचं होतं. तिथं चाललं. मग बायकोकडून मळलेल्या कणकेचा गोळा आणला, पिस्टनच्या डोक्यावर थापला, हेड बसवलं, इंजिन हातानं फिरवलं आणि पुन्हा उघडलं. कणकेवर व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला, पण खाली पुरेशी जाडी शिल्लक. म्हणजे लोखंडाला लोखंड लागणार नाही. बायको म्हणाली, "आता ह्या कणकेच्या पोळ्या करू का?" तिला वाटलं मी हसेन. मी हेड आणि इंजिनाच्या मध्ये बसणारं गॅस्केट शोधत होतो.

गुरुवारी हेड बसलं. इंजिनाचा आवाजच बदलला, माणूस भरल्या पोटानं बोलावा तसा. सपाट रस्त्यावर माधवराव भरली टाकी घेऊन तिसऱ्या गिअरात गेले आणि मोठ्यानं हसले. मी शेजारी बसलेलो. छाती इतकी फुगली की सांगायची सोय नाही. तसेच आम्ही चाकूरच्या पुढं घाटाकडे गेलो.

पायथ्याला जनावरं रांगेत उभी होतीच. आम्ही न थांबता वर वळलो. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यावर इंजिनातून खडखड सुरू झाली. डब्यात खडे घालून हलवावा तसा आवाज. त्याला नॉकिंग म्हणतात. ठिणगी पडायच्या आधीच किंवा भलत्याच जागी पेट्रोल भडकलं की ते होतं, आणि पिस्टनवर हातोडे बसतात. मी "थांबवा" म्हणेपर्यंत फट्‌कन आवाज झाला, बाजूनं धूर आला आणि ट्रक मागं सरकू लागला. माधवरावांनी हँडब्रेक ओढला, मी उडी मारून चाकामागं दगड लावला. त्यांनी कॉक उघडला आणि सगळं पाणी रस्त्यावरून वाहत खाली गेलं. खालची जनावरं आवाज ऐकून वर येताना दिसली.

ट्रक हळूहळू पायथ्याला उतरवला आणि दुसऱ्या टँकरच्या मागं बांधून लातूरला आणला. हेड उघडलं तर गॅस्केट फाटलेलं आणि एका पिस्टनची कड उंदरानं कुरतडावी तशी खाल्लेली. आधी मी कोंबड्यांना शिव्या दिल्या, मग भंगारवाल्याला, मग नशिबाला. मग टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं आणि नाकाशी नेलं.

"माधवराव, ह्यात रॉकेल आहे."

"हाव," ते सरळ म्हणाले. "तीन कॅन पेट्रोलला एक कॅन रॉकेल. सगळेच टाकतेत."

खरंच होतं. त्या काळी जुन्या पेट्रोल गाड्यांत सगळेच मिसळायचे. सैल चेंबरचं इंजिन ते गिळायचं, कुरकुर करायचं नाही. घट्ट चेंबरला ते चालत नाही. मी ताकद वाढवली आणि तिला काय खायला घालता हे विचारलंच नाही. उस्तादांचं दुसरं वाक्य मला तेव्हा आठवलं. चूक माधवरावांची नव्हती. पण राग आधी त्यांच्यावर निघाला, आणि बाहेर टपरीवर जाऊन दोन कप चहा पिऊन आल्यावर मी म्हणालो, "चुकलं माझं." हे शब्द माझ्या तोंडून फार वेळा निघालेले नाहीत.

माधवराव म्हणाले, "मंग जुनंच डोस्कं बसवा, मिस्त्री. नुसतं पेट्रोल मला झेपायचं न्हाई."

मी त्यांना समजावलं. आज तुम्ही एका टाकीचं पाणी दोन खेपांत वर नेता, आणि अर्धं फेकता. एका खेपेत गेलात तर पेट्रोल शुद्ध टाकूनही कमीच लागेल. त्यांनी ट्रकभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "सोमवारपत्तुर व्हईल का?"

शुक्रवार आणि शनिवार मी शेडमध्येच होतो. एक पिस्टन बदलला, नवं गॅस्केट टाकलं, ठिणगी जरा उशिरा पडावी म्हणून टायमिंग केसभर मागं घेतलं. पेट्रोलची टाकी धुऊन कोरडी केली. रविवारी माधवराव नवं पेट्रोल घेऊन आले, तेव्हा मी प्रत्येक कॅन हुंगला. ते म्हणाले, "विश्वास न्हाई व्हय?" मी म्हणालो, "माझ्यावर नाही."

सोमवारी सकाळी पायथ्याला साहेबांची जीप उभी होती. साहेब तरुण, नवे, हातात वही. वाडीतली पंचवीस-तीस माणसं कडेला. साहेबांनी टाकीवर चढून झाकण उघडून बघितलं. काठोकाठ. माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोण?" माधवराव म्हणाले, "ह्यांनी डोस्कं बदललं." साहेबांनी वहीत काय लिहिलं कोण जाणे.

माधवरावांनी दुसरा गिअर टाकला. मी म्हणालो, "पहिला टाका." ते म्हणाले, "बसा गप." आणि ट्रक दुसऱ्या गिअरात चढाला लागला. पहिलं वळण. दुसरं. ज्या जागी फुटलं होतं तिथं मी श्वास धरला, कान इंजिनावर. खडखड नाही. नुसती भरदार घरघर. तिसऱ्या वळणाला माधवरावांनी पहिला टाकला, ट्रकनं क्षणभर विचार केला आणि ओढत राहिला. मागं टाकीत पाणी डचमळत होतं आणि थेंबही सांडला नाही. माथ्यावर निघालो तेव्हा मी दारावर थाप मारली आणि चक्क ओरडलो. माधवरावांनी पटका काढून तोंड पुसलं. घाम होता का आणखी काही, मी बघितलं नाही.

वाडीच्या विहिरीवर सगळे जमले होते. पाइप विहिरीत सोडला, कॉक उघडला. पाणी पडायला लागलं तसा लोकांनी गलका केला. मीही हसत होतो, पण माझी नजर टाकीवर. पुढं काय होतंय यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. अर्धी टाकी उतरली असेल, तेव्हा माधवराव उठले आणि कॉक बंद केला.

एक वडीलधारे पुढं आले. "का रं माधवा? सोड की सगळं. हिरीत जागा हाय."

माधवराव पाइप गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "आण्णा, इतके दिस वस्तीवर सांगत आलो, टाकी अर्धी हाय म्हणून. आज भरली टाकी साऱ्यांनी बघितली. आता तिथं जाऊन काय सांगू?"

साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "चला, मीही येतो." ट्रक वाडी ओलांडून वस्तीकडे निघाला.

हौदापाशी बायका आधीच उभ्या होत्या. ट्रकचा आवाज रोज वाडीशीच थांबायचा, आज पुढं येतोय हे त्यांनी ऐकलं होतं. अक्का सगळ्यात पुढं. माधवरावांनी हौदात पाइप टाकला. हौद भरायला लागला, मग काठाला आला. बायकांनी घागरी भरल्या, हंडे भरले, बादल्या, पातेली, एकीनं मुलाचं दूध तापवायचं भांडंसुद्धा आणलं. अक्का घरात गेली आणि जर्मनचा डबा घेऊन आली, त्यातलं पीठ तिनं परातीत काढून ठेवलं होतं. तोही भरला.

पाइपमधून पाणी अजून येतच होतं. माधवरावांनी टाकीवरून विचारलं, "अजून हाय. आणा की भांडी."

अक्कानं मागं वळून सगळ्या घरांकडे बघितलं, मग रिकाम्या हातांकडे, आणि हसायला लागली. "भाऊ, कॉक बंद करा," ती म्हणाली. "भांडी संपली."